चेहरा सर्वांत शेवटी : पंधराव्या शतकातील नेदरलँडिश स्त्री-व्यक्तिचित्रे कशी पाहावीत

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये रोगिर व्हान डर वायडन याने १४६० च्या सुमारास रंगवलेले एका तरुण स्त्रीचे चित्र आहे. गडद पार्श्वभूमी, गडद पोशाख, डोक्यावरून खांद्यांपर्यंत उतरलेले झिरझिरीत वस्त्र, कमरेला लाल पट्टा आणि तळाशी एकमेकांत गुंफलेली बोटे, एवढाच त्याचा ऐवज. रंगवलेला भाग ३४ सेंटिमीटर उंच आणि २५.५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ए-फोर कागदाहून जरासा मोठा. अशा चित्रासमोर आपण उभे राहतो तेव्हा डोळे सरळ चेहऱ्याकडे जातात आणि मग तिथेच घुटमळतात. ती दुःखी आहे का, गर्विष्ठ आहे का, श्रद्धाळू आहे का, असे प्रश्न मनात येतात आणि त्यांची उत्तरेही आपणच देऊन टाकतो.

या लेखात मी नेमकी उलटी वाट सुचवणार आहे. पंधराव्या शतकातील या चित्रांमध्ये चेहरा हा सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार असतो, कारण चित्रकाराने त्याला त्या काळच्या सौंदर्यकल्पनेप्रमाणे घडवलेले असते. टाचणी, चुणी, पट्ट्याचे बक्कल, फळीची कड यांच्याशी तशी तडजोड करण्याचे त्याला फारसे कारण नव्हते. म्हणून आधी या गोष्टी पाहायच्या आणि चेहऱ्यापर्यंत शेवटी पोहोचायचे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. एका चित्राला किमान एक तास द्यावा. घाई असेल त्या दिवशी हा उद्योग करू नये.

प्रदेशाचा आणि काळाचा निर्देश आधी करतो. ब्रुज, गेंट, ब्रसेल्स, तूर्ने ही शहरे तेव्हा बरगंडीच्या ड्यूकांच्या सत्तेखाली किंवा प्रभावाखाली होती. आज ती बेल्जियममध्ये आहेत, पण तेव्हा ती नेदरलँड्स म्हटल्या जाणाऱ्या प्रदेशात मोडत. तूर्नेत रॉबर्ट कॅम्पिन, ब्रुजमध्ये यान व्हान आइक आणि त्यानंतर पेट्रुस ख्रिस्तुस व हान्स मेमलिंग, ब्रसेल्समध्ये रोगिर व्हान डर वायडन, ही या लेखात येणारी नावे. कालावधी साधारणपणे १४३० ते १४९० असा धरला आहे.

तयारी : चित्र कोठून घ्यावे

मुंबई-पुण्यात किंवा नागपुरात बसून ही चित्रे पाहणाऱ्याला पडद्यावरच भागवावे लागते आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट, संग्रहालयात दोरीपलीकडून जे दिसत नाही ते चांगल्या डिजिटल प्रतिमेत दिसते. मात्र प्रतिमा शोधयंत्राच्या पहिल्या पानावरची घेऊ नये, ज्या संग्रहालयात चित्र आहे त्याच्या संकेतस्थळावरचीच घ्यावी. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी आणि न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय आपल्याकडील जुन्या चित्रांच्या मोठ्या प्रतिमा मोफत उतरवून घेऊ देतात. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमांमध्ये तीन दोष वारंवार आढळतात : चौकट कापलेली असते, रंग भडक केलेले असतात आणि क्वचित सगळे चित्रच आरशातल्यासारखे उलटे छापलेले असते. शेवटचा दोष किरकोळ वाटेल, पण दिशेच्या पायरीवर तोच सगळा निष्कर्ष उलटा करून टाकतो.

प्रतिमा मिळाली की तिची मापे वहीत लिहावीत आणि त्या मापाचा खाकी कागद कापून डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवावा. हा पोरखेळ वाटला तरी टाळू नये. पडद्यावर व्हान आइकचे आर्नोल्फिनी दांपत्य आणि ख्रिस्तुसची तरुण मुलगी सारख्याच आकाराची दिसतात. प्रत्यक्षात पहिले चित्र ८२.२ बाय ६० सेंटिमीटरचे आहे आणि दुसरे अवघे २९ बाय २२.५ चे, म्हणजे वहीच्या पानाएवढे. दुसरे हातात धरून पाहता येते, पहिले येत नाही. पाहणारा किती जवळ उभा असेल हे चित्रकाराने मनात धरलेले असते आणि कागद चिकटवल्यावर ते अंतर आपल्यालाही कळते.

पहिली पायरी : फळी, कड आणि पाठ

ही चित्रे कापडावर नव्हेत, ओकच्या फळ्यांवर रंगवलेली आहेत आणि त्यांतील पुष्कळसे लाकूड बाल्टिक प्रदेशातून आलेले होते. फळीवर प्राण्यांच्या कातड्यापासून केलेल्या सरसात खडू मिसळून पांढरा थर देत, तो घासून गुळगुळीत करत, त्यावर रेखाटन करत आणि मग तेलात घोटलेल्या रंगांचे पातळ थर एकावर एक चढवत. तेल बहुधा जवसाचे असे. येथे थोडे थांबण्यासारखे आहे, कारण ज्या रोपाच्या बियांतून हे तेल निघते त्याच्याच खोडाच्या धाग्यांपासून लिनन विणतात. या स्त्रियांच्या डोक्यावरचे पांढरे वस्त्र आणि ते ज्या तेलातून रंगवले ते तेल, दोन्ही एकाच पिकाची.

पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे कड. त्या काळी अनेकदा फळी आधीच चौकटीत बसवलेली असे आणि खडूचा थर फळी व चौकट दोघांवर मिळून दिला जाई. पुढे चौकट काढली की चारही बाजूंना कोऱ्या लाकडाची अरुंद पट्टी उघडी पडते आणि तिच्या आतल्या अंगाला खडूचा बारीक उंचवटा राहतो. ही पट्टी व उंचवटा चारही बाजूंना असेल तर चित्र मूळ आकारातच आहे असे समजावे. एखाद्या बाजूला ती नसेल तर तिकडून फळी कापली गेली असण्याची शक्यता धरावी. वॉशिंग्टनच्या चित्रात संपूर्ण फळी ३७ बाय २७ सेंटिमीटरची आहे आणि रंगवलेला भाग तिच्याहून लहान. म्हणून अशा चित्राची दोन मापे दिलेली आढळली तर गोंधळून न जाता दोन्ही टिपून ठेवावीत.

कापलेल्या फळीमुळे काय फसगत होते याचा नमुना लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रोगिरची ‘वाचणारी मॅग्डालेन’, म्हणजे संत मेरी मॅग्डालेन, जमिनीवर बसून पुस्तकात गढलेली दिसते. हे स्वतंत्र चित्र नसून एका मोठ्या वेदीचित्राचा, म्हणजे चर्चमधील वेदीसाठी केलेल्या चित्राचा, तुकडा आहे आणि त्याच वेदीचित्रातली मानली जाणारी दोन मस्तके लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहेत. तिच्या मागची पार्श्वभूमी नंतरच्या कोणीतरी सपाट तपकिरी रंगाने झाकून टाकली होती. १९५५-५६ मध्ये ती साफ केल्यावर मागची खोली आणि इतर आकृत्यांचे अवशेष उघडे झाले. चित्रात एकटी स्त्री दिसली म्हणजे ते व्यक्तिचित्रच असेल, असे गृहीत धरू नये.

पाठही पाहावी. पुष्कळ फळ्यांच्या पाठीवर संगमरवराचा किंवा लाल खडकाचा आभास रंगवलेला असतो आणि कधी तिथे कुलचिन्ह असते. पाठ रंगवली आहे याचा अर्थ ती कोणाच्या तरी नजरेला पडणार होती : चित्र बिजागरीने दुसऱ्या फळीला जोडलेले असेल, बंद करून ठेवले जात असेल, प्रवासात नेले जात असेल. पाठीचे छायाचित्र संग्रहालये क्वचितच पहिल्या पानावर देतात. ते शोधावे लागते.

दुसरी पायरी : दिशा

ही पायरी सोपी आहे आणि आपल्याला तर फारच सोपी, कारण तिच्यासाठी आपल्या भाषेत तयार शब्द आहे : वामांगी. पतिपत्नींच्या जोडचित्रांत पती पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला आणि पत्नी उजव्या हाताला असते, म्हणजे ती पतीच्या डाव्या अंगाला येते. दोघेही किंचित एकमेकांकडे वळलेले असतात. त्यामुळे पत्नीचा चेहरा पाहणाऱ्याच्या डावीकडे वळतो. कॅम्पिनने १४३५ च्या सुमारास रंगवलेली स्त्री आणि लाल पागोटेवजा शिरोवस्त्र घातलेला तिचा पती लंडनला शेजारी शेजारी आहेत, त्यांच्यावर हा नियम पडताळून पाहता येतो.

मग डावीकडे वळलेली प्रत्येक एकटी स्त्री जोडीतलीच का? तसे नाही. यान व्हान आइकने आपल्या पत्नीचे जे चित्र केले त्यातही ती डावीकडेच वळलेली आहे आणि त्याला जोड होती की नाही हे केवळ दिशेवरून ठरत नाही. दिशा हा एक धागा आहे, निकाल नव्हे. पण तो धागा धरून हरवलेला जोडीदार सापडतोही. मेमलिंगची एक वृद्ध स्त्री पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे आणि तिच्या जोडीचा वृद्ध पुरुष बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरीत.

हात जोडलेले असतील तर आणखी एक शक्यता तपासावी. न्यूयॉर्कमधील मेमलिंगच्या तोम्मासो आणि मारिया पोर्तिनारी या पतिपत्नींच्या चित्रांत दोघेही प्रार्थना करत आहेत. त्यांच्यामध्ये बहुधा माता मेरी व बाल येशूची फळी होती, म्हणजे ते एकमेकांकडे न पाहता मध्यभागीच्या मूर्तीकडे वळलेले होते. आज मधली फळी नाही आणि त्यामुळे दोघांची नजर शून्यात लागल्यासारखी भासते. या शून्याला भावनेचे नाव देणारे लिखाण मी वाचले आहे. खरे तर तिथे एक चित्र कमी आहे.

तिसरी पायरी : डोक्यावरचे वस्त्र

आता भिंग घ्यावे किंवा पडद्यावर प्रतिमा शक्य तितकी मोठी करावी, कारण माझ्या मते या चित्रांचा खरा खजिना येथे आहे.

प्रथम वस्त्र अपारदर्शक आहे की पारदर्शक, हे ठरवावे. कॅम्पिनच्या स्त्रीच्या डोक्यावर जाड, पांढऱ्या लिननचे अनेक पदर आहेत. रोगिरने १४४० च्या सुमारास रंगवलेल्या आणि आता बर्लिनला असलेल्या स्त्रीचे शिरोवस्त्रही तसेच घडीचे असून ते दोन्ही अंगांना पंखांसारखे पसरलेले आहे. हा शहरी, सुस्थितीतील घरांतल्या विवाहित स्त्रियांचा पेहराव. वॉशिंग्टनच्या चित्रातले वस्त्र मात्र इतके तलम आहे की त्याच्याआडून कपाळ, केस आणि खांदा दिसतो. मारिया पोर्तिनारीच्या चित्रात काळ्या मखमलीची वर निमुळती होत जाणारी टोपी आहे, जिला हेनिन म्हणतात, आणि तिच्यावरून झिरझिरीत पडदा सोडला आहे. हा दरबारी थाट होता आणि श्रीमंत व्यापाऱ्यांच्या घरांतही तो उतरला होता.

यान व्हान आइकची पत्नी मार्गारेट हिचा प्रकार आणखी वेगळा आहे. तिचे केस कानशिलांवर शिंगांसारखे उंच बांधून जाळीत घेतले आहेत आणि त्यांवरून लिननचे वस्त्र घेतले आहे, ज्याची कड बारीक चुण्यांच्या पदरांनी जड झाली आहे. आर्नोल्फिनी चित्रातील स्त्रीच्या डोक्यावरही अशीच चुण्यांची कड आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून केवळ चुण्या पाहाव्यात. व्हान आइकने दोन्हीकडे चुणीच्या प्रत्येक वळणाला वेगळी सावली दिली आहे आणि कुठेही एकच साचा पुन्हा वापरलेला नाही.

त्यानंतर टाचण्या मोजाव्यात. मी हे गंभीरपणे सांगतो आहे. या वस्त्रांना शिवण नव्हती किंवा फारच थोडी होती. सगळा डोलारा टाचण्यांवर उभा असे. साडीच्या निऱ्यांना आणि खांद्यावरच्या पदराला पिन लावणाऱ्या हाताला जे लगेच उमगते ते कित्येक कलासमीक्षकांना उमगत नाही : टाचणी कुठे आहे त्यावरून कापड कुठून कुठे ओढले आहे हे कळते. घरातील पातळ सुती ओढणी आणि पाचसहा टाचण्या घेऊन बर्लिनच्या स्त्रीचे शिरोवस्त्र एकदा स्वतःच्या किंवा बहिणीच्या डोक्यावर बांधून पाहावे. आधी आत एक घट्ट टोपी किंवा पट्टी हवी, नाही तर वरची घडी घसरते. मग चित्राकडे परत गेल्यावर कपाळावरची ती कड एवढी ताठ का, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही. प्रयोग फसला तरी हरकत नाही. माझा पहिला पाऊण तास फसण्यातच गेला.

वॉशिंग्टनच्या चित्रात तर टाचणी हाच आराखड्याचा खिळा आहे. वस्त्र मस्तकाशी टाचलेले आहे आणि तिथून दोन तिरक्या कडा खांद्यांकडे उतरतात. खालून पोशाखाच्या गळ्याच्या दोन कडा पट्ट्याकडे निमुळत्या होत जातात. पारदर्शक कागद ठेवून या चार रेषा पेन्सिलीने ओढाव्यात. शंकरपाळ्यासारखी चौकोनी आकृती तयार होते आणि तिच्या वरच्या भागात चेहरा असतो. एवढे शांत भासणारे चित्र किती कडक भूमितीवर तोललेले आहे, हे या चार रेषा काढल्याशिवाय ध्यानात येत नाही.

चौथी पायरी : पोशाख, फर आणि पट्टा

पोशाखाबाबत कापड, अस्तर आणि कमरेची जागा अशा तीन नोंदी पुरतात. मार्गारेटने लाल लोकरी झगा घातला आहे आणि त्याच्या कडांना राखाडी फर आहे, जी खारीच्या कातड्याची मानली जाते. फर आतून लावत आणि कडेला तेवढी बाहेर वळवत. थंडीच्या देशात फरचे मुख्य काम उबेचे होते, शोभा ही तिची कडेपुरती दाखवलेली पावती. कमरेचा पट्टा छातीच्या लगेच खाली बांधलेला असतो आणि त्यामुळे पोट पुढे आल्यासारखे दिसते.

येथे माझी एक चूक कबूल करतो. आर्नोल्फिनी चित्रातील हिरव्या झग्यातली स्त्री गर्भवती आहे, असे मी बरीच वर्षे ऐकणाऱ्यांना आत्मविश्वासाने सांगत असे. तिने झग्याचा घोळ उचलून पोटाशी धरला आहे, एवढेच तिथे आहे. ड्रेसडेनला व्हान आइकचे १४३७ चे तीन फळ्यांचे लहान वेदीचित्र आहे. त्यातील संत कॅथरिनचे पोटही असेच पुढे आलेले दिसते आणि ती तर कुमारिका संत. फॅशनला देहस्थिती समजण्याची ही चूक अजूनही सर्वत्र होते.

रंगांबद्दल थोडक्यात सांगतो. लाल रंगात हिंगूळ असेल तर तो बहुधा टिकतो, पण लाखेच्या जातीचे पारदर्शक लाल प्रकाशाने फिके पडतात. तांब्यापासून केलेले हिरवे पुष्कळदा तपकिरी होतात. काळा वाटणारा पोशाख मुळात तितका काळा नसेलही. म्हणून वहीत ‘काळा’ असे न लिहिता ‘आज काळा दिसतो’ असे लिहावे.

पाचवी पायरी : हात

हात चित्राच्या तळाशी असतात आणि बहुधा प्रमाणाहून लहान काढलेले असतात. अंगठ्या किती आणि कोणत्या बोटांत आहेत, हात जोडलेले आहेत की गुंफलेले आणि ते कशावर टेकले आहेत, हे टिपावे. ब्रुजच्या सिंट-यान्स रुग्णालयाच्या संग्रहालयात मेमलिंगचे १४८० चे एक स्त्रीचे चित्र आहे. तिच्या बोटांची टोके चौकटीच्या कडेवर टेकल्यासारखी रंगवली आहेत, जणू चौकट म्हणजे खिडकीचा उंबरा आणि ती पलीकडे उभी. चौकट कापलेल्या प्रतिमेत हा सगळा खेळ नाहीसा होतो आणि केवळ अर्धवट बोटे उरतात.

सहावी पायरी : नावे आणि लेख

या पायरीवर घाई करणारा हमखास पडतो, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे मूळ चौकटीवर चित्रकाराने स्वतः घातलेला लेख. ब्रुजच्या ग्रूनिंगे संग्रहालयातील मार्गारेटच्या चौकटीवर तो आहे. लॅटिनमध्ये, आणि तोही तिच्या तोंडी. त्याचा आशय असा : माझे पती योहान यांनी मला १४३९ मध्ये १७ जून रोजी पूर्ण केले, माझे वय तेहतीस वर्षे. त्यापुढे ग्रीक वळणाच्या अक्षरांत व्हान आइकचे ब्रीद आहे, ‘आल्स इख कान’, म्हणजे ‘मला जमेल तसे’. ‘इख’ म्हणजे ‘मी’, आणि त्यात आइक या नावावरचा श्लेषही ऐकू येतो. चित्रकार दोन वर्षांनी, १४४१ मध्ये, वारला. चित्रकाराचे नाव, नाते, वय आणि तारीख अशा चारही गोष्टी एकत्र सांगणारे दुसरे स्त्रीचित्र या काळात क्वचितच भेटते.

दुसऱ्या टोकाला मेमलिंगची ती चौकटीवर बोटे टेकणारी स्त्री आहे. चित्राच्या कोपऱ्यात एक पाटी रंगवली असून ती या स्त्रीला सिबिला सांबेथा, म्हणजे प्राचीन पर्शियन भविष्यवादिनी, म्हणते. ही पाटी सोळाव्या शतकात वाढवलेली आहे. मेमलिंगसमोर बसली होती ती तिच्या काळची कोणी शहरी स्त्री. गंमत अशी की लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातील पोर्तुगालच्या इसाबेलच्या चित्रावरही नंतरच्या कोणीतरी ‘पर्शियन सिबिल’ असेच लिहून ठेवले आहे, आणि ती तर बरगंडीची डचेस होती. भविष्यवादिनींचे संच भिंतीवर लावण्याची हौस पुढे आली आणि जुन्या चेहऱ्यांना नवी नावे मिळाली.

याच इसाबेलची मागणी घालायला १४२८ मध्ये ड्यूक फिलिपने जे पथक पोर्तुगालला धाडले त्यात व्हान आइक होता. त्याने तिची दोन चित्रे केली आणि एक समुद्रमार्गे व एक खुष्कीच्या मार्गे पाठवली, म्हणजे वाटेत एक गेले तरी दुसरे पोहोचावे. दोन्ही आज उपलब्ध नाहीत. गोव्याच्या वाचकाला एक धागा ओळखीचा वाटेल : सागरी मोहिमांमुळे नावाजलेल्या राजपुत्र हेन्रीची ही बहीण, आणि त्या मोहिमांचा ओघ पुढे १५१० मध्ये गोव्यापर्यंत आला.

नाव कुळावरून लागते तेव्हाही सावध राहावे. ख्रिस्तुसच्या बर्लिनमधील तरुण मुलीच्या मूळ चौकटीवर ती टॅलबट या इंग्रज घराण्यातली असल्याचा लेख होता, अशी नोंद एकोणिसाव्या शतकात गुस्ताव्ह व्हागेन या जर्मन कलेतिहासकाराने केली होती. ती चौकट आता हरवली आहे. म्हणजे लेख गेला आणि उरला तो त्याचा उल्लेख. आर्नोल्फिनी चित्राची कथा तर याहून बोलकी आहे. दीर्घकाळ हे जोडपे म्हणजे जोव्हान्नी दी आरिगो आर्नोल्फिनी आणि जोव्हान्ना चेनामी, असे पाठ्यपुस्तकांत छापले जात असे. १९९० च्या दशकात एक दस्तऐवज पुढे आला आणि त्यांचे लग्न १४४७ मध्ये झाल्याचे दिसले. चित्रावर साल आहे १४३४. आता पुरुष म्हणून त्याचा चुलतभाऊ जोव्हान्नी दी निकोलाओ याचे नाव पुढे केले जाते आणि स्त्री कोण हा वाद मिटलेला नाही.

याउलट मारिया पोर्तिनारीची ओळख भक्कम आहे, कारण तिला दोन चित्रे एकमेकांच्या साक्षीने ओळखतात. मेमलिंगच्या चित्रात तिच्या गळ्यात जो जडावाचा हार आहे, तसाच हार फ्लॉरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयातील ह्यूगो व्हान डर गूसच्या पोर्तिनारी वेदीचित्रातही तिच्या गळ्यात आहे आणि तिथे तिच्याच फळीवर मारिया मॅग्डालेन ही तिच्या नावाची संत उभी आहे. दोन्ही प्रतिमा उघडून हाराचा एकेक मणी ताडून पाहावा. १४७० मध्ये मेदिची बँकेच्या ब्रुजमधील व्यवस्थापकाशी तिचे लग्न झाले तेव्हा ती सुमारे चौदा वर्षांची होती आणि तो चाळिशी ओलांडलेला. त्या वयाच्या मुलीच्या गळ्यात हा हार किती मोठा दिसतो, हेही पाहावे.

सातवी पायरी : चेहरा

आता चेहऱ्याकडे यावे आणि आधी त्यावरची कारागिरी वेगळी काढावी. उंच, रुंद कपाळ ही त्या काळची आवड होती. त्यासाठी पुढचे केस मागे ताणून बांधत किंवा उपटत, आणि भुवयाही विरळ करत. म्हणून कपाळावरून बुद्धी किंवा वैराग्य वाचू नये. ती वेशभूषाच आहे. त्यानंतर चित्रकाराचा हात शोधावा. वॉशिंग्टनच्या स्त्रीच्या डोळ्यापासून कानापर्यंत पडद्यावर फूटपट्टी आडवी धरावी. कान डोळ्याच्या पातळीवर आणि बराच मागे सरकलेला आढळतो. खऱ्या माणसाचा कान तिथे नसतो. आरशात तपासता येईल. खांदेही अतिशय अरुंद आहेत. रोगिरला शरीरशास्त्र येत नव्हते असे मुळीच नाही; त्याला ती लांब, अखंड गालाची रेषा हवी होती आणि तिच्या आड येणारा कान त्याने बाजूला सारला.

हे सगळे वजा केल्यावर जे उरते ते पाहावे. वॉशिंग्टनच्या चित्रात उरतात ते भरदार ओठ, जे बाकीच्या कृश रेषांशी मेळ खात नाहीत आणि म्हणूनच मला समोरच्या माणसावरून घेतलेले वाटतात. ख्रिस्तुसच्या मुलीच्या बाबतीत उरते ती तिरकी नजर, आणि तिच्या मागची लाकडी तक्त्यांची भिंतही, कारण बहुतेक चित्रकार गडद रिकामी पार्श्वभूमी देत असताना त्याने तिला एका खोलीत उभे केले. मार्गारेटच्या बाबतीत उरतात ते मिटलेले पातळ ओठ आणि सरळ आपल्याकडे रोखलेले डोळे. नवऱ्याने तिला सुंदर करण्याचा खटाटोप केलेला नाही.

बर्लिनची पंखदार शिरोवस्त्राची स्त्रीही थेट आपल्याकडे पाहते. ती रोगिरची पत्नी असावी, असा तर्क याच नजरेवरून अनेकांनी केला आहे. तर्क गोड आहे, पण त्याचा आधार चेहरा आणि फक्त चेहराच आहे. तिच्या बोटात अंगठी आहे, डोक्यावर टाचण्यांनी बसवलेले लिनन आहे, शरीर डावीकडे वळलेले आहे, एवढे मी वहीत लिहिले. नावाच्या रकान्यात ‘अज्ञात विवाहित स्त्री, १४४० च्या सुमारास’ असे लिहिले आणि पत्नीचा तर्क पेन्सिलीने समासात नोंदवून ठेवला, म्हणजे उद्या एखादा कागद सापडला तर खोडता येईल.